मातीतील जिवाणूंची शिदोरी : उसाचे पाचट

पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यात भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या दरम्यान काळ्या, भारी जमिनीचा एक सलग पट्टा पसरलेला आहे. भीमेच्या पलीकडील तीर शिरूर तालुक्याचा. दोन्ही अंगांनी नदीचे पाणी असल्यामुळे या पट्ट्यास ‘राहू बेट’ हे नाव पडले आणि राहू हे त्यातील प्रमुख गाव होय. नदीवरील उपशाच्या पाण्यावर येथे ऊस स्थिरावला आणि उसामागोमाग गुऱ्हाळेही आली. हंगामात या भागातून जाताना कढत्या रसाचा वास दूरवर येतो.

त्याच हंगामात आणखी एक वास येतो, तो जळणाऱ्या पाचटाचा. ऊस तुटून गेला, वाढे जनावरांसाठी गेले, की शेतात वाळलेल्या पानांचा गुडघाभर थर उरतो. खोडव्यास पाणी द्यावयाचे असते, सऱ्या मोकळ्या हव्या असतात, मजूर मिळत नाहीत, उंदरांचा उपद्रव वाढेल अशी भीती असते. काडी ओढली की काम तासाभरात उरकते. ही प्रथा एकट्या राहू बेटाची नव्हे. महाराष्ट्राच्या साऱ्या ऊसपट्ट्यात ती कमीअधिक प्रमाणात रूढ आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो केरकचरा असतो. मात्र मातीतील सूक्ष्म जिवाणूंचा अभ्यास करणाऱ्यांच्या दृष्टीने तो जमिनीच्या वर्षभराच्या शिदोरीचा प्रश्न आहे. हा प्रश्न नेमका काय आहे, त्यावर संशोधकांनी काय शोधून काढले आहे आणि त्यातील काय सिद्ध झाले आहे, हे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि विस्तार कार्यकर्ते यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

पाचटाचा हिशेब

एक हेक्टर उसापासून साधारणतः ८ ते १० टन पाचट मिळते. हिशेबासाठी ते १० टन धरू. त्यात सुमारे ४० टक्के, म्हणजे ४ टन कर्ब असतो. नत्राचे प्रमाण ०.४ ते ०.५ टक्के, म्हणजे ४० ते ५० किलो असते. युरियामध्ये ४६ टक्के नत्र असते हे लक्षात घेतले, तर हे नत्र ४५ किलोच्या दोन ते अडीच गोण्यांइतके भरते. शिवाय स्फुरद, पालाश आणि गंधक ही द्रव्येही पाचटात असतातच.

पाचट पेटविले म्हणजे यांपैकी बहुतांश कर्ब आणि नत्र वायुरूपाने हवेत जातात. गंधकाचाही मोठा भाग निघून जातो. मागे राहते ती राख. तिच्यात पालाश व स्फुरद पुष्कळसे शिल्लक असतात. तथापि वारा आणि पहिले पाणी यांच्याबरोबर तिचाही काही अंश वाहून जातो. आगीची धग मातीच्या अगदी वरच्या थरात सर्वाधिक जाणवते आणि जिवाणूंची वस्तीही याच वरच्या थरात सर्वांत दाट असते. म्हणजे एका काडीने घर आणि घरातील धान्य या दोहोंचीही हानी होते. घर काही काळाने पुन्हा वसते, कारण खालच्या थरातील जिवाणू वर सरकतात आणि वाढतात. परंतु जळालेले धान्य परत येत नाही.

मातीतील अदृश्य वस्ती

सुपीक मातीच्या एका ग्रॅममध्ये जिवाणूंची संख्या १०० कोटींपर्यंत असू शकते. त्यांच्यासमवेत बुरशा, ॲक्टिनोमायसिटीज, शेवाळे आणि आदिजीव असतात. पहिल्या पावसानंतर येणारा मृद्गंध हा मुख्यत्वे ॲक्टिनोमायसिटीज गटातील जिवाणूंनी निर्माण केलेल्या ‘जिओस्मिन’ या द्रव्याचा असतो. मातीचा वास म्हणून ज्याचे कौतुक होते, तो वास्तविक मातीतील जीवसृष्टीचा वास होय.

या सूक्ष्मजीवांची कामे वेगवेगळी आहेत. काही हवेतील नत्र पकडून पिकास उपयोगी पडेल अशा रूपात आणतात. काही सेंद्रिय आम्ले सोडून मातीत घट्ट बसलेला स्फुरद विरघळवितात. काही बुरशा मुळांना चिकटून आपल्या तंतूंच्या साहाय्याने दूरचे पाणी व अन्न मुळांपर्यंत पोहोचवितात. काही पालापाचोळा कुजवितात. कुजताना तयार होणाऱ्या चिकट द्रव्यांमुळे मातीचे कण एकमेकांस धरून राहतात, माती कणीदार होते, पाणी मुरते आणि हवा खेळते.

ही सर्व कामे करणारे हे मजूर बिनपगारी असले, तरी बिनभाकरीचे नाहीत. त्यांना ऊर्जा लागते आणि ती कर्बापासून मिळते. वनस्पती सूर्यप्रकाशात आपले अन्न स्वतः तयार करतात. मातीतील बहुसंख्य जिवाणूंना ते जमत नाही. मुळांतून पाझरणारी साखर आणि मातीत पडलेला पालापाचोळा यांवरच त्यांची गुजराण चालते. जमिनीतील सेंद्रिय कर्ब घटला की जिवाणूंची उपासमार सुरू होते आणि मग रासायनिक खतांच्या मात्रा वाढविल्या तरी पीक त्या प्रमाणात प्रतिसाद देईनासे होते, असा अनुभव सधन ऊसशेतीच्या भागात वारंवार येतो.

संशोधनाची वाटचाल

मातीतील जिवाणूंचा शास्त्रीय अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. हॉलंडचे शास्त्रज्ञ बायरिंक यांनी १८८८ मध्ये कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतील रायझोबियम जिवाणू वेगळे काढले आणि १९०१ मध्ये मातीत मुक्तपणे राहून नत्र स्थिर करणाऱ्या ॲझोटोबॅक्टरची ओळख करून दिली. भारतात या सहजीवनाचा पहिला अभ्यास १९२० मध्ये एन. व्ही. जोशी यांनी केला आणि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात देशात जिवाणू खतांच्या निर्मितीस प्रारंभ झाला.

ऊस उत्पादकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा शोध मात्र ब्राझीलमध्ये लागला. योहाना डोबेराइनर या मूळच्या मध्य युरोपातील शास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धानंतर ब्राझीलमध्ये स्थायिक झाल्या. उष्ण प्रदेशातील गवतवर्गीय पिकांना जिवाणूंकडून नत्र मिळू शकते, हा विचार त्यांनी नेटाने मांडला. १९८८ मध्ये त्यांनी व त्यांचे सहकारी कावालकांते यांनी उसाच्या मुळांत व खोडात राहून हवेतील नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूची माहिती प्रसिद्ध केली. आज तो ग्लुकोनॲसिटोबॅक्टर या नावाने ओळखला जातो. शेतकऱ्यांत त्याचे ‘ॲसिटोबॅक्टर’ हे जुने नावच रूढ आहे. साखरेचे प्रमाण भरपूर असलेल्या रसात हा जिवाणू सुखाने वाढतो, म्हणून उसाच्या अंतरंगात तो रमतो.

या संशोधनाच्या आधारे महाराष्ट्रात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ऊस लागवडीसाठी बेणेप्रक्रियेची शिफारस केली. १०० लिटर पाण्यात १० किलो ॲसिटोबॅक्टर आणि १.२५ किलो स्फुरद विरघळविणारे जिवाणू संवर्धक मिसळून त्या द्रावणात बेण्याच्या टिपऱ्या ३० मिनिटे बुडवाव्यात आणि मग लावाव्यात, अशी ही पद्धत आहे. या प्रक्रियेमुळे रासायनिक नत्राच्या मात्रेत ५० टक्के आणि स्फुरदाच्या मात्रेत २५ टक्के बचत करता येते, असे विद्यापीठाच्या शिफारशीत नमूद आहे. बुरशीनाशकाची प्रक्रिया करावयाची असल्यास ती आधी करावी. बुरशीनाशक आणि जिवाणू एकाच द्रावणात कधीही मिसळू नयेत.

डॉ. आनंद कर्वे यांचा प्रश्न

बाहेरून जिवाणू आणून सोडणे ही झाली एक बाजू. जमिनीत आधीपासून असलेल्या जिवाणूंना खाऊ काय घालावयाचे, ही दुसरी बाजू होय. या दुसऱ्या प्रश्नाचा पाठपुरावा करणाऱ्या महाराष्ट्रातील संशोधकांत डॉ. आनंद दिनकर कर्वे यांचे नाव ठळकपणे घ्यावे लागेल. रसायनशास्त्राचे प्राध्यापक दि. धों. कर्वे आणि मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचे ते पुत्र. वनस्पतिशास्त्रातील डॉक्टरेट त्यांनी जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठातून मिळविली. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत त्यांनी काम केले आणि १९९६ मध्ये पुण्यात ‘समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्था’, म्हणजेच ‘आरती’, स्थापन केली.

डॉ. कर्वे यांच्या कार्यात उसाचे पाचट, स्वयंपाकाचे इंधन आणि मातीतील जिवाणू हे वरवर भिन्न दिसणारे तीन विषय एका सूत्रात गुंफले गेले. शेतात जाळल्या जाणाऱ्या पाचटाचा उपयोग करण्यासाठी संस्थेने ते बंद पिंपांत तापवून त्याचा कोळसा करण्याची आणि त्या भुकटीच्या कांड्या बनविण्याची पद्धत विकसित केली. ग्रामीण भागात चालविता येईल अशा या उद्योगाबद्दल संस्थेस २००२ मध्ये इंग्लंडमधील ॲशडेन पुरस्कार मिळाला.

त्यानंतर संस्थेने घरगुती जैववायू संयंत्राकडे लक्ष वळविले. गोबर वायू संयंत्रात शेण घालावयाचे, हे तोवर गृहीतच धरले जात असे. डॉ. कर्वे यांनी निराळा विचार केला. मिथेन निर्माण करणारे जिवाणू जनावराच्या पोटातून येतात. मग जनावर जे खाते तेच त्यांना का देऊ नये? शेण हे तर पचून उरलेले अन्न, त्यात ऊर्जा ती किती असणार? खरकटे, सडके धान्य, पिठूळ व गोड पदार्थ यांवर चालणारे छोटे संयंत्र संस्थेने तयार केले. शेणाच्या ४० किलोंपासून सुमारे ४० दिवसांत जेवढा मिथेन मिळतो, तेवढा अशा सुमारे २ किलो पदार्थांपासून एका दिवसात मिळतो, असे संस्थेने दाखविले. २००६ मध्ये या कामासाठीही ॲशडेन पुरस्कार देण्यात आला.

हेच तत्त्व त्यांनी शेतजमिनीस लावून पाहिले. गूळ आणि शेण यांचे अगदी थोडे मिश्रण जमिनीस देऊन समाधानकारक पीक घेणारे काही शेतकरी त्यांच्या पाहण्यात आले. इतक्या अल्प मिश्रणात पिकास पुरतील एवढी अन्नद्रव्ये असणे शक्य नव्हते. मग पीक येते कसे? डॉ. कर्वे यांनी असे प्रतिपादन केले की, गुळातील साखर हे पिकाचे खत नसून जिवाणूंचे खाद्य होय. साखर मिळताच जिवाणूंची संख्या झपाट्याने वाढते, खनिज कणांत अडकलेली अन्नद्रव्ये ते आपल्या शरीरात ओढून घेतात आणि ते मरण पावल्यावर तीच द्रव्ये पिकास उपलब्ध होतात. हेक्टरी सुमारे २५ किलो साखर दर तीन महिन्यांनी दिली तरी पुरे, असा त्यांचा हिशेब होता. याच युक्तिवादाने त्यांनी कंपोस्टविषयीच्या प्रचलित समजुतीवरही आक्षेप घेतला. सेंद्रिय पदार्थ बाहेर कुजवून मग शेतात टाकणे म्हणजे जिवाणूंच्या ताटातील पौष्टिक भाग आधीच खर्ची घालणे. त्यापेक्षा हिरवा पाला व न कुजलेला पदार्थ थेट मातीस देणे श्रेयस्कर, असे त्यांचे म्हणणे होते.

मतभेद कोठे आहेत?

जिवाणूंना ऊर्जा हवी आणि ती कर्बातून मिळते, याविषयी मृदाशास्त्रात दुमत नाही. ताजी साखर अथवा ताजा पाला मातीत गेला की जिवाणूंची हालचाल एकदम वाढते, हेही सर्वमान्य आहे. लोनिस या शास्त्रज्ञाने १९२६ मध्येच असे निरीक्षण नोंदविले होते की, हिरवळीचे ताजे खत घातल्यावर मातीतील जुने सेंद्रिय पदार्थही अधिक वेगाने विघटित होतात. जणू नवे सरपण पडताच विझत आलेली चूल पुन्हा धडधडू लागते.

मतभेद आहे तो यापुढील टप्प्यावर. पहिला प्रश्न नत्राचा. साखरेत नत्राचा अंशही नसतो. वाढणाऱ्या जिवाणूंना मात्र आपले शरीर घडविण्यासाठी नत्र लागतेच आणि ते मातीतूनच घेतले जाते. म्हणजे काही काळ तरी जिवाणू हे पिकाचे भागीदार नसून स्पर्धक असतात. दुसरा प्रश्न साठ्याचा. उसासारखे पीक दरवर्षी शेताबाहेर जाते, त्याबरोबर पालाश, स्फुरद आणि सूक्ष्म द्रव्येही जातात. जिवाणू ती खनिजांतून सोडवून देतील. पण ती नव्याने निर्माण करणार नाहीत. हवेतून मिळणाऱ्या नत्राचा अपवाद सोडला, तर कोणत्याही ठेवीतून केवळ काढतच राहिले की ती आटते.

तिसरा प्रश्न प्रमाणाचा. हेक्टरभर जमिनीचा १५ सेंटिमीटर जाडीचा थर सुमारे २००० टन वजनाचा भरतो. त्यात २५ किलो साखर म्हणजे प्रत्येक किलो मातीस जेमतेम बारा-तेरा मिलिग्रॅम. एवढ्याने दीर्घकाळ टिकणारा परिणाम होतो किंवा कसे, हे निरनिराळ्या जमिनींवर, निरनिराळ्या पिकांवर आणि अनेक वर्षे चालणाऱ्या तुलनात्मक प्रयोगांनीच ठरू शकते. डॉ. कर्वे यांचा सिद्धान्त त्यामुळे विचारप्रवर्तक असला, तरी सर्वसाधारण शिफारस म्हणून तो कृषी विद्यापीठांनी स्वीकारलेला नाही. जीवामृताचीही हीच स्थिती आहे. सुभाष पाळेकर यांनी प्रसार केलेल्या या पद्धतीत एकरी २०० लिटर पाण्यात शेण व गोमूत्र यांबरोबर सुमारे २ किलो गूळ घालण्यात येतो. तिचे पुरस्कर्ते पुष्कळ आहेत आणि चिकित्सकही.

राहू बेटाने घ्यावयाचा बोध

वादाचा निकाल लागेल तेव्हा लागो. परंतु त्या वादातून एक हिशेब स्पष्ट होतो आणि तो गुळाच्या मुलखास विशेष लागू आहे. २५ किलो साखरेत सुमारे साडेदहा किलो कर्ब असतो. १० टन पाचटात ४००० किलो कर्ब असतो, म्हणजे सुमारे ३८० पट. जिवाणूंसाठी गुळाचे पाणी शिंपडणारा शेतकरी त्याच शेतातील पाचट पेटवून देत असेल, तर तो पाहुण्याच्या हातावर साखर ठेवून घरातील कणगीस आग लावतो, असे म्हणावे लागेल. डॉ. कर्वे यांचा सिद्धान्त पूर्णतः खरा ठरो वा अंशतः, जिवाणूंना खाद्य हवे हा त्याचा गाभा मान्य केला की पाचट जाळण्याचे समर्थन उरत नाही.

अर्थात पाचट आणि साखर यांत फरक आहे. साखर जिवाणू लगेच पचवितात. पाचटातील तूलीर (सेल्युलोज) व काष्ठीर (लिग्निन) पचविण्यास महिने लागतात आणि मुख्यत्वे बुरशा हे काम करतात. शिवाय नत्राची अडचण येथे अधिक तीव्र असते. जिवाणूंच्या शरीरात साधारणतः ८ भाग कर्बास १ भाग नत्र असते. आणखी सुमारे १६ भाग कर्ब ते श्वसनासाठी खर्च करतात. म्हणजे २४ भाग कर्बामागे १ भाग नत्र असा आहार त्यांना मानवतो. पाचटात मात्र ८० ते १०० भाग कर्बामागे १ भाग नत्र असते. ही तूट भरून काढण्यासाठी जिवाणू मातीतील नत्र उसने घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. ‘पाचट ठेवले आणि ऊस बसला’ ही तक्रार काल्पनिक नव्हे. तिचे कारण हे आहे. पाचट कुजल्यावर हे उसने नत्र परत मिळते. पण सुरुवातीच्या काळात पिकाची उपासमार होऊ नये यासाठी वरून थोडे नत्र द्यावे लागते.

महात्मा फुले कृषी विद्यापीठाची पाचट व्यवस्थापनाची शिफारस याच तत्त्वावर आधारलेली आहे. दर टन पाचटासाठी ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धक वापरावे, असे तिचे प्रमाण आहे. १० टन पाचटासाठी म्हणजेच ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो संवर्धक.

कामाचा क्रम थोडक्यात असा : तोडणी जमिनीलगत करून घ्यावी. राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीसपाट छाटावेत, म्हणजे फुटवे जमिनीखालून जोमाने येतात. बुडख्यांवरील पाचट बाजूला सरीत ओढून घ्यावे. त्यावर प्रथम युरिया व सुपर फॉस्फेट पसरावे, नंतर संवर्धक शेणखतात अथवा मातीत मिसळून टाकावे आणि पाणी द्यावे. पाचट ओले राहिले तरच कुजते. यंत्राने बारीक तुकडे केल्यास कुजण्याची क्रिया लवकर होते, पण यंत्र नसले तरी काम अडत नाही. खोडव्याच्या पुढील खतमात्रा पहारीने भोके घेऊन मुळांच्या सान्निध्यात द्याव्यात; पाचटावर फेकलेले खत वाया जाते.

पाचटाच्या आच्छादनाचा दुसरा लाभ पाण्याचा आहे. झाकलेल्या जमिनीतून बाष्पीभवन कमी होते, तण उगवत नाही आणि दोन पाळ्यांमधील अंतर वाढविता येते. नदीकाठच्या भारी जमिनीत हा लाभ दुहेरी ठरतो. सतत तुंबलेल्या पाण्यामुळे मातीतील हवा निघून जाते, हवेवर जगणारे उपयुक्त जिवाणू मंदावतात आणि निराळ्या जातीचे जिवाणू नायट्रेट स्वरूपातील नत्राचे वायूत रूपांतर करून ते हवेत घालवितात. म्हणजे जादा पाण्याने जमीन क्षारपड होण्याचा धोका तर आहेच. शिवाय विकत घेतलेले नत्रही गमावले जाते. तथापि जेथे निचरा अगदीच वाईट आहे किंवा ज्या फडात काणी, गवताळ वाढ यांसारख्या रोगांचे प्रमाण अधिक आहे, तेथे खोडवा ठेवण्यापूर्वी कृषी सहायकाचा सल्ला घ्यावा.

पंचायत आणि शाळा यांचे कार्य

पाचट न जाळण्याचा निर्णय एकट्या शेतकऱ्यास कठीण जातो. शेजारच्या शेतातील आग बांध ओलांडून येते आणि राखून ठेवलेले पाचटही जळते. म्हणून हा विषय ग्रामसभेत येणे आवश्यक आहे. तोडणीच्या हंगामापूर्वी सभा घेऊन संपूर्ण शिवारापुरता ठराव करता येईल. पाचट बारीक करण्याचे यंत्र विकास सोसायटी अथवा शेतकरी गट यांच्यामार्फत सामाईक ठेवता येईल. तोडणी टोळ्यांच्या मुकादमांशी आधीच बोलून ऊस जमिनीलगत तोडण्याची आणि पाचट न पेटविण्याची अट घालता येईल.

जिवाणू संवर्धकांच्या खरेदीतही दक्षता हवी. जिवाणू खते २००६ पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आलेली आहेत. त्यानुसार नेहमीच्या जिवाणू खतांच्या भुकटीत प्रति ग्रॅम किमान ५ कोटी आणि द्रवरूप खतात प्रति मिलिलिटर किमान १० कोटी जिवंत पेशी असणे आवश्यक आहे. पाकिटावरील पिकाचे नाव, निर्मितीची व मुदतीची तारीख पाहूनच खरेदी करावी. ही पाकिटे सावलीत, थंड जागी ठेवावीत. पत्र्याच्या छपराखाली रासायनिक खताच्या गोण्यांवर ठेवलेल्या पाकिटातील जिवाणू शेतात पोहोचण्याआधीच मेलेले असण्याचा संभव असतो.

प्रगती मोजण्याचे साधनही हाताशी आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेच्या योजनेत १२ बाबींची नोंद होते. त्यात जिवाणूंच्या संख्येचा रकाना नाही. पण सेंद्रिय कर्बाचा आहे आणि जिवाणूंच्या खाद्याची ती सर्वांत सोपी खूण होय. शेतकरी सहसा पत्रिकेतील नत्र, स्फुरद व पालाश हे आकडे पाहतो आणि हा आकडा सोडून देतो. पंचायतीने गावातील एका शेतात दोन पट्टे आखावेत. एकात पाचट ठेवावे, दुसऱ्यात पूर्वीच्या रीतीने शेत स्वच्छ करावे; मात्र तेथील पाचट न जाळता बाहेर काढावे. दर वर्षी त्याच जागेची, त्याच महिन्यात माती तपासून सेंद्रिय कर्बाचा आकडा आणि उसाचे वजन ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावे. एका वर्षात फार फरक दिसणार नाही. सेंद्रिय कर्ब संथ गतीने वाढतो आणि त्यासाठी निदान तीन-चार हंगामांचा धीर लागतो, हेही फलकावरील आकड्यांतूनच लोकांना उमगेल.

शिक्षकांना विद्यार्थ्यांकडून एक सोपा प्रयोग करून घेता येईल. जुन्या सुती कापडाचे एकाच मापाचे तुकडे घ्यावेत. एक तुकडा पाचट ठेवलेल्या शेतात, एक पाचट जाळलेल्या शेतात आणि एक पायवाटेच्या कठीण जमिनीत वीतभर खोल पुरावा व खुंटीने खूण करावी. तिन्ही ठिकाणी ओल सारखी राहील असे पाहावे. दोन महिन्यांनी तुकडे काढून धुऊन, वाळवून, त्यांचे वजन करावे. सूत म्हणजे जवळजवळ शुद्ध तूलीर. जेथे जिवाणू व बुरशा जोमात असतील तेथे कापडाच्या चिंध्या होतील, जेथे त्या नसतील तेथे ते बरेचसे शाबूत राहील. सूक्ष्मदर्शक यंत्राविना मातीतील जीवन डोळ्यांना दाखविणारा हा पाठ मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्याही स्मरणात राहील.

बेटाच्या दोन्ही बाजूंच्या नद्यांनी हजारो वर्षे गाळ आणून ही काळी जमीन घडविली. त्या गाळास सुपीकता आली ती त्यातील असंख्य अदृश्य जीवांमुळे. शास्त्रज्ञांनी त्यांची नावे शोधली, कामे शोधली, कोणत्या खाद्यावर ते पोसतात याविषयी निरनिराळी मते मांडली; परंतु त्यांना उपाशी ठेवून शेती टिकते असे कोणीच म्हटलेले नाही. उसाचा रस माणसाकडे गेला, वाढे जनावरांकडे गेले. पाचट हा मातीचा वाटा आहे. तो तिचा तिला पोहोचता करणे, हीच शाश्वत शेतीची पहिली पायरी होय.